गुरजी, तू जेवला का?

राग सोडून द्यावा, असं कोणी तृप्ती भोयेला म्हटलं की ती शांतपणे विचारायची, "कुठं सोडू? रामकुंडात?" समोरचा हसायचा. ती हसायची नाही. दिंडोरी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली ही शिक्षिका. नाशकात मखमलाबाद रोडला दोन खोल्यांत राहायची आणि रोज स्कूटरनं शाळेला जायची. एम.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्रात पहिली आलेली, पोरांशी बोलताना आवाज कधी चढायचा नाही. पण एका माणसाचं नाव निघालं की हिच्या कपाळावरची शीर उठायची. तो माणूस म्हणजे खंडेराव निकम, निवृत्त मुख्याध्यापक. जिल्ह्यात त्यांना 'संस्कारांचे गुरुजी' म्हणायचे, आणि तेही आवडीनं म्हणवून घ्यायचे.

हा डूख कशाचा, ते समजायला आधी तृप्तीच्या पाड्याची एक रीत समजली पाहिजे. हरसूलच्या पुढं डोंगरात तिचा पाडा. तिथं एकट्या माणसाला कोणी 'तुम्ही' म्हणत नाही. 'तुम्ही' म्हणजे पुष्कळ माणसं. माणूस कितीही मोठा झाला तरी एकटाच ना, त्याला पुष्कळ कसं म्हणायचं? आजाला तू, सासऱ्याला तू, भगताला तू, डोंगऱ्या देवाला तर तूच. माणूस जितका मानाचा, तितकं ते 'तू' हळू आणि गोड निघायचं. याला अपवाद एकच. काठी आपटत पाड्यावर येणारा, बायांच्या डोक्यावरची मोळी उतरवून घेणारा आणि जाताना कोंबडी मागणारा जंगलखात्याचा साहेब. त्याला 'तू' म्हटलं की काठी पाठीत बसायची, म्हणून पाड्यानं त्याच्यापुरतं 'तुम्ही' शिकून घेतलं होतं. त्याची पाठ वळली की बाया थुंकून म्हणायच्या, "गेला तो तुम्ही."

तृप्ती तिसरीत असताना तिचे आईबाप, रावजी आणि झुंबरबाई, द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडं उतरले. बागेच्या कडेला पाचटाची खोपी टाकली. बागमालक भला माणूस, म्हणाला, पोर दिवसभर बांधावर कशाला भटकते, गावच्या शाळेत बसव. म्हणून रावजीनं तिला नेऊन बसवली. वर्ग खंडेराव गुरुजींचा होता.

पहिले काही दिवस ती गप्प राहिली. वर्गातल्या पोरांचं मराठी तिला अर्धं कळायचं, अर्धं सुटायचं. गुरुजींनी तिची रवानगी शेवटच्या रांगेत केली. पण पोरीला गुरुजी फार आवडले होते. गुरुजी गाणं छान म्हणायचे, आणि त्यांनी एकदा तिला स्वतःच्या हातानं नवा खडू दिला होता. आपल्यालाही त्यांना काहीतरी चांगलं द्यायचंय, हे तिच्या मनात घोळत राहिलं. तिच्या घरी सगळ्यात मायेचं बोलणं एकच होतं. एका दुपारी मधल्या सुट्टीत ती धीर करून गुरुजींच्या टेबलापाशी गेली आणि वर बघत म्हणाली, "गुरजी, तू जेवला का?"

वर्गानं एकमेकांकडं पाहिलं. मग खी खी सुरू झाली.

"कोणाला म्हणालीस तू?" गुरुजींनी विचारलं.

पोरीला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तिनं परत म्हटलं, जास्त गोड करून. त्यासरशी मुस्काटात बसली.

तेवढ्यावर भागलं असतं तर कदाचित ती विसरलीही असती. मार काय, सगळेच खायचे. पण गुरुजींना संस्कार करायचे होते, आणि ते मुळापासून करायचे होते. त्यांनी रावजीला बोलावणं धाडलं. तो घडांची विरळणी सोडून धावत आला, बोटं अजून द्राक्षाच्या चिकानं काळी. सगळी शाळा अंगणात बसवलेली. काय झालं ते ऐकून बिचारा हात जोडून म्हणाला, "गुरजी, तू देवासारखा. तू राग नको धरू. पोर बारीक आहा."

शाळा खदाखदा हसली. पोरीनं दोन दमांत दोनदा म्हटलं होतं, बापानं एकाच दमात दोनदा म्हटलं.

"बाप तूच असा, तर पोरगी तशीच निघणार," गुरुजी म्हणाले. एका बाप्या माणसाला ते स्वतः बेलाशक 'तू' म्हणत होते, आणि त्यात त्यांना काहीच खटकत नव्हतं. "कान धर. धर कान. आणि म्हण, तुम्ही. सगळ्यांना ऐकू येईल असं."

रावजीनं कान धरले. आणि म्हणाला. गुरुजी थांब म्हणेपर्यंत म्हणत राहिला. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तृप्तीनं ते सगळं पाहिलं, आणि तिथंच तिनं मनाशी ठरवलं की या माणसाचं आपण एक दिवस उट्टं काढायचं.

त्या शाळेत ती परत गेली नाही. महिनासुद्धा भरला नव्हता. हंगाम संपल्यावर डोंगरातल्या आश्रमशाळेत नाव घातलं, आणि पुढचं सगळं शिक्षण तिथं आणि वसतिगृहांत झालं. डी.एड., बी.ए., बी.एड., एम.एड. पोरगी अशी शिकत होती जणू कोणाशी भांडते आहे.

रावजीचं मात्र वेगळंच झालं. तो बाहेरच्या माणसांशी बोलायचा थांबला. घरात, शेतात, पाड्यावर अखंड बडबड. पण समोर इस्त्रीचा शर्ट आला की तोंडाला कुलूप. चुकून 'तू' निघेल या धास्तीनं तो एक अक्षर काढायचा नाही. दवाखान्यात डॉक्टर विचारायचे कुठं दुखतं, आणि उत्तर झुंबरबाई द्यायची. लेकीला पहिली नेमणूक मिळाली तेव्हा तिनं किती विनवण्या केल्या, बा, शाळा बघायला ये. हा फाटकाबाहेरच्या चिंचेखाली बसून राहिला, आत आला नाही.

तृप्ती खंडेरावांच्या नावानं बोटं मोडायला लागली की मात्र तोच तिला दटावायचा. "असं नको बोलू. गुरू आहा तो. मला भेटला तर मी इचारीन, तू जेवला का." बापाचं हे असलं बोलणं ऐकून तर तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एम.एड.च्या वर्गात एकदा प्राध्यापकांनी शिकवलं की घरची भाषा वेगळी असलेलं मूल नव्या वर्गात आलं की काही काळ गप्प राहतं. तो मठ्ठपणा नव्हे, ते मूल ऐकत असतं. आणि शिक्षक अशा मुलाच्या वागण्याचा अर्थ मुलाच्या घरातून नाही, स्वतःच्या घरातून आणतो. बाकीच्या मुली माना खाली घालून लिहून घेत होत्या. तृप्तीची लेखणी थांबली. म्हणजे हे जगाला माहीत होतं? पुस्तकात छापलेलं होतं, परीक्षेला गुणांसाठी विचारलं जात होतं, आणि तरी तिचा बाप अंगणात कान धरून उभा राहिला होता. त्या दिवसापासून तिचा राग वाढला, कारण आता त्याला शास्त्राचाही आधार मिळाला.

नोकरीत तिनं या शास्त्राचं सोनं केलं, हेही सांगितलं पाहिजे. तिच्या वर्गात बागाईतदारांची पोरं, सुरगाणा-पेठहून आलेल्या मजुरांची पोरं, पलीकडच्या कारखान्यात कामाला असलेल्या बिहारी कुटुंबांची पोरं, सगळी एका सतरंजीवर. एकदा आरोही नावाची बागाईतदाराची मुलगी तक्रार घेऊन आली. "मॅडम, ती सुरगाण्याची मुलगी तुम्हाला 'तू' म्हणते!"

"तू तुझ्या आईला काय म्हणतेस?" तृप्तीनं विचारलं.

"तू."

"का गं? आईला मान देत नाहीस?"

आरोहीनं जरा विचार केला. "पण आई माझी आहे ना."

"मग झालं. मी तिची आहे."

सुरगाण्याच्या मुलीला तिनं नंतर 'तुम्ही' शिकवलंच, कारण बाहेरच्या जगात त्याच्यावाचून अडतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण शिकवताना सांगितलं, "ही चप्पल समज. बाहेर जाताना घालायची, घरी आल्यावर काढायची." मुलगी हसली. कान धरावे लागले नाहीत.

अशा तऱ्हेनं सगळं बरं चाललं होतं, आणि मग खंडेराव गुरुजी परत तिच्या आयुष्यात आले. एका शिक्षक प्रशिक्षणात तृप्ती मार्गदर्शक होती, विषय होता बहुभाषिक वर्ग. गुरुजी पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत. चहाच्या वेळी जवळ येऊन म्हणाले, "तू त्या रावजीची पोर ना गं? वा! माझी विद्यार्थिनी!" आणि चारचौघांत तिच्या पाठीवर थाप मारली. ती गारठलीच. ती वळून बघेपर्यंत गुरुजी दुसऱ्या घोळक्यात पोचलेही होते.

पुढं काही महिन्यांनी शाळेतली तिची तरुण सहकारी उज्वला हसत हसत मोबाइल घेऊन आली. "मॅडम, तुमच्यावर भाषण आहे बघा!" कुठल्याशा व्याख्यानमालेत खंडेराव गुरुजी बोलत होते. एक आदिवासी मुलगी माझ्या वर्गात आली, मला अरे-तुरे करायची, मी तिला 'तुम्ही' म्हणायला शिकवलं, आज ती शिक्षिका आहे, मी घडवली. इथपर्यंत तृप्तीनं दात आवळून ऐकलं. मग गुरुजींनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले, गुडघे वाकवले आणि नाकात आवाज काढून रावजीची नक्कल केली, "गुर्जी, तू द्येवावानी!" सभागृह हसून लोळलं. गुरुजींनी हशा संपेपर्यंत सराईतपणे वाट पाहिली. ही नक्कल ते पहिल्यांदा करत नव्हते, हे उघड होतं.

तृप्तीनं मोबाइल परत दिला. "उज्वला, हे माझे वडील आहेत," एवढंच म्हणाली. उज्वलाचं हसू कुठल्या कुठं गेलं.

आणि दैवाची गंमत बघा. त्याच महिन्यात एका शिक्षक मंडळाचा फोन आला. खंडेराव गुरुजींना जीवनगौरव द्यायचा ठरलाय, त्यांचा परिचय त्यांच्या आवडत्या विद्यार्थिनीनं करून द्यावा अशी गुरुजींचीच इच्छा आहे. तृप्ती साखरेच्या आवाजात म्हणाली, "माझं भाग्य."

"मॅडम, जाऊ द्या हो," उज्वलानं समजावलं. "सत्तरी ओलांडलीय त्यांनी. शिवाय तुम्हीच सांगता ना, राग माणसाला आतून खातो."

"मुलांना सांगते," तृप्ती म्हणाली. "मला खाल्लं नाही, मला पोसलंय त्यानं."

पण तिला नुसतं बोलून समाधान होणार नव्हतं. ज्याचा अपमान झाला त्याच्यासमोरच फेड व्हायला हवी होती. रावजी त्या सभागृहात बसलेला असला पाहिजे आणि त्या माणसानं त्याच्यासमोर कान धरले पाहिजेत, याहून कमी तिला काही चालणार नव्हतं. ती पाड्यावर गेली. रावजी नाही म्हणाला, तोंड फिरवून बसला, रुसला. मग तिनं मोबाइल काढला आणि ती नक्कल बापाला दाखवली. रावजीनं ती पूर्ण पाहिली. नंतर झुंबरबाईला म्हणाला, "मना नवा सदरा काढ."

कार्यक्रम गंगापूर रोडच्या एका सभागृहात, रविवारी सकाळी. हॉल शिक्षकांनी गच्च भरलेला. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत खंडेराव गुरुजी, फेटा बांधून. रावजी आणि झुंबरबाई तिसऱ्या रांगेच्या कडेला, उज्वलाशेजारी. गुरुजींनी रावजीला ओळखलं की नाही कोण जाणे, पण वरूनच हात हलवला, सगळ्यांना हलवतात तसा.

तृप्ती माईकपाशी आली. पदर सारखा केला, गुरुजींकडं वळली आणि म्हणाली, "खंडेराव, तू माझा गुरू."

सभागृहात एकदम कुजबुज उठली. मागून कोणीतरी ओरडलं, "अहो मॅडम! सत्कारमूर्तींना अरे-तुरे?"

"हेच," तृप्ती म्हणाली. "आत्ता तुम्हाला जे खटकलं ना, ते जरा धरून ठेवा. मी फक्त शब्द उच्चारला. त्याचा अर्थ प्रत्येकानं आपापल्या घरून आणला. तुमच्या घरात 'तू' म्हणजे शिवी असेल. माझ्या घरात ती पूजा आहे. तिसरीतली पोर हा शब्द घेऊन शिक्षकाकडं जाते, तेव्हा चूक कोणाची असते? शिक्षण तिचं व्हायचं असतं की शिक्षकाचं?"

मग तिनं सगळं सांगितलं. खडू, मधली सुट्टी, मुस्काट, अंगण. चिकानं काळी झालेली बोटं आणि धरलेले कान. त्या शाळेत आपण महिनाभरसुद्धा नव्हतो, हेही सांगितलं. "मला यानं घडवलं, असं हा गावोगाव सांगतो. यानं एकच काम केलं. एका बोलक्या माणसाला मुका केला. आणि त्या मुक्याची नक्कल करून आजवर टाळ्या घेतल्या. पोराला गप्प करणारे पुष्कळ बघितले मी, खंडेराव. पोराच्या बापाला गप्प करणारा तू एकटा." तिचा आवाज आता चढला होता आणि तिला त्याची पर्वा नव्हती. "तो माझा बाप तिसऱ्या रांगेत बसलाय. ऊठ. खाली ये. आणि त्याच्यासमोर कान धर."

गुरुजी उठले. पण खाली आले नाहीत. "ही लायकी!" ते गरजले. "शेवटी रक्त बोललंच! मी हिच्यावर एवढे संस्कार..." संयोजक माईक काढून घ्यायला धावला. कोणी म्हणे बोलू द्या, कोणी म्हणे हिला खाली उतरवा. सगळा गोंधळ माजला.

त्या गोंधळात रावजी उठला. उज्वलानं त्याचा हात धरायला पाहिलं, तो त्यानं हळूच सोडवला. मधल्या वाटेनं चालत तो व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी आला आणि त्यानं मान वर केली. म्हातारा काय म्हणतो म्हणून सगळे थांबले. पाव शतकाहून जास्त काळ इस्त्रीच्या शर्टासमोर न उघडलेलं तोंड उघडलं.

"साहेब," रावजी स्पष्ट आवाजात म्हणाला, "तुम्ही बसा. तुम्ही लय दमले."

टाळ्यांचा कडकडाट झाला. काय हे मन! काय ही क्षमा! पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. गुरुजींचा चेहराच उजळला. त्यांनी रावजीला हात जोडले, संयोजकाच्या हातातला माईक घेतला आणि म्हणाले, "बघितलंत? अजून विसरला नाही! 'तू' नाही, 'तुम्ही'! याला म्हणतात संस्कार!"

टाळ्या आणखी वाढल्या. तृप्तीला आधी वाटलं, बापानं घात केला. एवढी वर्षं जपलेलं सगळं त्यानं दोन वाक्यांत पाण्यात घातलं. तिनं चिडून झुंबरबाईकडं पाहिलं. झुंबरबाई टाळ्या वाजवत नव्हती. ती पदरानं तोंड दाबून रावजीकडं बघत होती, आणि तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

मग तृप्तीला ऐकू आलं, बाप नेमकं काय म्हणाला ते. गुरजी नाही म्हणाला तो. साहेब म्हणाला. इतकी वर्षं घरात बसून ज्याला 'तू' म्हणत आला, ज्याच्यासाठी लेकीला दटावत आला, त्याला त्यानं आज सगळ्यांदेखत, कोणी कान न धरायला लावता, 'तुम्ही' म्हटलं होतं.

टाळ्या पूर्ण थांबेपर्यंत ती थांबली. मग गुरुजींच्या हातातला माईक तिनं काढून घेतला. त्यांनी तो खुशीनं दिला.

"माझ्या वडिलांनी आत्ता काय म्हटलं, ते या सभागृहात फक्त तिघांना कळलंय," ती म्हणाली. आवाज आता एकदम शांत होता, वर्गात असायचा तसा. "भाषांतर करते. आमच्या पाड्यावर देवाला तू म्हणतात, आईला तू, गुरूला तू. 'तुम्ही' एकालाच म्हणतात. काठी घेऊन येतो, मोळी हिसकावतो आणि जाताना कोंबडी मागतो, त्याला. तो आपला नसतो, म्हणून. माझा बाप आजपर्यंत यांना गुरू मानत होता. कान धरून उभा राहिला तरी मानत होता, मुका झाला तरी मानत होता. मी भांडले, तरी त्यानं मानणं सोडलं नाही. आज सोडलं. तुम्ही सगळ्यांनी त्याला टाळ्या दिल्यात, त्याबद्दल आभार."

आता कोणी टाळी वाजवली नाही. ती गुरुजींकडं वळली.

"मघाशी मी तुम्हाला 'तू' म्हणाले, ती माझीच चूक झाली. खंडेराव सर, तुम्ही बसा."

शाल हातात घेतलेल्या संयोजकाला कळेना, आता पुढं व्हावं की मागं. गुरुजींनी तिला उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण तिला 'तू' म्हणावं की 'तुम्ही', हे काही त्यांना ठरवता येईना, आणि भरल्या सभागृहासमोर ते एक अक्षरही न बोलता खाली बसले.